डाव्या हाताची कात्री

४ मार्च

धाकटे,

अक्षर बघून घाबरू नकोस. कोणा पोराने चावटपणा केलेला नाही, मीच लिहितेय. डाव्या हाताने. कागद सरकू नये म्हणून त्याच्या डोक्यावर बाबांच्या शिलाईच्या दुकानातली जुनी लोखंडी इस्त्री ठेवलीय. तीच, जिच्या खाली तुझं बोट सापडलं होतं.

सव्वीस वर्षं झाली. मी तुला ओळ लिहिली नाही, तूही नाही. मग आता हिला काय सुचलं, असं मनात आलं असेल. तर माझं काम अडलंय, आणि काम अडलं की मी कोणाच्याही दारात जाते, हे तुला मी सांगायला नको.

जानेवारीत मला झटका आला. मेंदूतला. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं, पाय बराचसा परत आला, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. खांद्याला नुसता लटकतो. व्यायामवाल्या बाई येतात, तो उचलतात, खाली ठेवतात, 'छान हं' म्हणतात. यात छान काय ते देव जाणे.

लेक म्हणते, माझ्या घरी चल. पोरगी गुणाची आहे गं, पण तिच्याकडे गेले की मला खिडकीपाशी एक खुर्ची मिळणार आणि दिवसातून चाळीस वेळा 'आई, तू बस' ऐकायला मिळणार. मी बसणाऱ्यातली आहे का? भांडून भांडून तीस एप्रिलपर्यंत मुदत घेतली तिच्याकडून. तिने ओट्यावर यादी चिकटवलीय. अंघोळ, कपडे, स्वयंपाक, दूध तापवणं, गोळ्या, जिना, कुलूप. तीस तारखेला ती येणार, समोर खुर्ची टाकून बसणार, आणि ही सातही कामं मी तिने बोट न लावता करून दाखवायची. एक जरी राहिलं तरी या खोल्या सोडायच्या आणि मुकाट्याने तिच्या घरी जायचं. मी म्हटलं, कबूल. रागाच्या भरात माणूस काहीही कबूल करतो.

तर माझा प्रश्न. डाव्या हाताने लिहिताना लिहिलेल्यावरूनच हात फिरतो आणि सगळी शाई फासली जाते. तू शाळेत काय करायचीस? तुझ्या वह्या बरबटलेल्या असायच्या आणि मी हसायचे, ते सोड. पुढे काही उपाय सापडला असेल तर कळव. बटणवाल्याकडून तुझा पत्ता काढला. म्हणाला, अजून शिवतात त्या. बरं वाटलं.

ताई


१९ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही, ना 'कशी आहेस'. नुसतं, 'कागदाचं वरचं टोक उजवीकडे कलव. पेन सोड, पेन्सिल घे.' अगं, औषधाच्या बाटलीवरसुद्धा याहून जास्त लिहिलेलं असतं! पाच मिनिटं ते कार्ड उलटंपालटं करत बसले. एवढा राग आला की बास. मग कागद कलवला, पेन्सिल घेतली. बघ, एक अक्षर फासलेलं नाही.

माझंही काम चालू आहे. खालच्या सुताराकडून एक फळी आणली आणि तिला खालून वर दोन लांब खिळे ठोकून घेतले. त्या खिळ्यांवर बटाटा खुपसला की तो हलत नाही, मग सोलाण्याने एका हाताने सोलायचा. सुतार म्हणाला, 'मावशी, बटाट्याने काय घोडं मारलंय तुमचं?' म्हटलं, 'तू ठोक.' आता तो स्वतःच नवनवीन गोष्टी घेऊन वर येतो. कुलूप कडीला लोंबतं, ते धरू की किल्ली फिरवू? त्याने दाराला रबराचा पट्टा ठोकून दिला. कुलूप त्यात गच्च बसतं आणि किल्ली फिरते. किल्लीला लाकडी मूठसुद्धा बसवून दिली.

बरणीचं माझं मी शोधलं. ओट्याचा ड्रॉवर अर्धा उघडायचा, बरणी आत उभी करायची आणि ड्रॉवर कमरेने ढकलून धरायचा. बरणीची काय बिशाद हलायची! साबण हातातून सटकतो म्हणून तो जुन्या मोज्यात घातला आणि मोजा नळाला बांधला. वाटीखाली ओलं फडकं. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही दोरी. अंघोळ, जिना, कुलूप झालं म्हण. स्वयंपाक होत आलाय.

कपड्यांचं मात्र अडलंय. बटण एका हाताने लावायला गेले तर पंचवीस मिनिटं लागतात आणि शेवटी सगळं एक घर खाली लागलेलं असतं. पस्तीस वर्षं लोकांना काजं करून दिली आणि आता माझ्याच काजापुढे रडायची वेळ.

रडले नाही. पण आलं होतं.

तुझा डावा हात मी रिबिनीने खुर्चीला बांधायचे, उजव्याने लिही म्हणून, ते परवा अचानक आठवलं. बाबांनी सांगितलं होतं म्हणून बांधायचे. तुझ्या लक्षात असेलच.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

'काजं शिवून बंद कर. बटणं वरून शोभेला लाव. आत बुटांची असते ती चर्र चिकटपट्टी.'

किती सोपं! आणि हे मला सुचू नये? तुझ्यावर चिडू की तुला मिठी मारू हेच कळेना. चिकटपट्टी आणली, मशीनवर बसले. पाय मशीन चालवतो, डावा हात कापड सरकवतो, आणि उजव्या हाताला मी कापडावर नुसतं ठेवून दिलं, वजन म्हणून. काहीतरी काम करू दे त्यालाही. टीप वाकडीतिकडी आली, पण आली. हाताने केलेलं पहिलं काज बंद करताना हात आखडला माझा. मग म्हटलं, अभिमान कवटाळून बसलीस तर उघडी फिरशील. केलं बंद.

आज सकाळी चार मिनिटांत कपडे घालून तयार. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही, बटणं कशी ओळीत. लेकीला फोन केला तर म्हणते, 'आई, एवढा जीव कशाला काढतेस? मी आहे ना.' तिला कसं सांगू? ती आहे म्हणून तर. ती आज आनंदाने नेईल आणि दोन वर्षांनी मी तिला नकोशी होईन. मला माहीत आहे मी कशी आहे ते. तुलाही आहे.

राहिलं दूध आणि गोळ्या. दोन्हींची अडचण एकच, कात्री.

दुधाची पिशवी दातांनी फोडली तर अर्धं दूध अंगावर. सुरीने फोडायला गेले तर पिशवी सरकली आणि तिच्यावर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा कापला, तीन टाके. लेकीने लगेच यादीत लाल शाईने लिहिलं, 'सुरी अजिबात नाही.' गोळ्यांचं पाकीट इतकं चिवट की अंगठ्याने गोळी बाहेर येतच नाही, कापावंच लागतं. म्हणून माझी कात्री काढली. ती माझी, पितळी मुठीची. डाव्या हातात घेतली आणि चालवली, तर पिशवी कापलीच जात नाही. पात्यांच्या मध्ये दुमडून बसते. म्हटलं, धार गेली. धार लावून आणली. तसंच. मग कापडावर चालवून बघितली. कापडही चावल्यासारखं, कुरतडल्यासारखं.

मग बसून नीट बघितलं. उजव्या हाताचा अंगठा पाती एकमेकांवर दाबतो. डाव्या हाताचा अंगठा तीच पाती एकमेकांपासून लांब ढकलतो. वरून रेघ कुठे चाललीय तीही दिसत नाही, पातं आड येतं. कात्रीच उजव्या माणसासाठी केलेली आहे. एवढी साधी गोष्ट, आणि आयुष्य कात्रीत गेलेल्या मला एकसष्टाव्या वर्षी कळतेय.

तू नऊ वर्षांची होतीस, माझ्या कात्रीने चिंध्या कापायचीस आणि त्या अशाच कुरतडलेल्या निघायच्या. मी म्हणायचे, 'हात कच्चा आहे हिचा.' गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. मग बाबांनी कुठूनशी तुझ्यासाठी उलट्या पात्यांची कात्री आणली, आणि तू असं सरळ कापायला लागलीस की बाबा कापड धरून उजेडात बघत राहिले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि रिबिनीचं. बाबांनी सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं.

ताई


१७ एप्रिल

धाकटे,

या वेळी तुझं कार्ड आलं नाही. रोज जिना उतरून पेटी बघते. जिन्याचा सराव होतो, तेवढाच फायदा.

डावी कात्री इथे मिळत नाही. चार दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, 'आजी, अशी कोणी मागत नाही.' म्हटलं, 'मी मागतेय ना?' तो हसला. मला हसू आलं नाही.

काल सुतार म्हणाला, 'मावशी, एवढं काय त्यात? तीस तारखेला मी सकाळीच पिशवी फोडून पातेल्यात ओतून ठेवतो, गोळ्या कापून डबीत ठेवतो. तुमच्या लेकीला काय कळणार?' बिचारा मनापासून म्हणत होता. आणि खरं सांगू, मी 'बरं' म्हणून मोकळी झाले होते. तो गेला, मी दार लावलं, आणि लगेच परत उघडलं. त्याला परत हाक मारली आणि सांगितलं, नको. तो म्हणाला, 'एवढंसं तर खोटं.' एवढंसं खोटं मी याआधी एकदा बोललेय आणि ते सव्वीस वर्षं पुरलं.

आता लिहिते. मध्ये थांबले तर परत होणार नाही.

बँडमास्तरांचा कोट. लाल मखमल, त्यांनी कुठून कुठून मागवलेली, बेताचीच. मखमल दुहेरी घडी घालून कापता येत नाही, सरकते. एक बाही कापायची, कागदाचा साचा उलटा करायचा, मग दुसरी कापायची. हे शिकाऊ पोरीलाही ठाऊक असतं. बाबा आजारातून उठून नुकते गल्ल्यावर बसायला लागले होते आणि त्या आठवड्यात म्हणाले होते, आता कापायच्या टेबलावर एकीनेच राहावं, बघतो कोणी ते. मला तो कोट माझ्याच हातचा दाखवायचा होता. तू जेवायला गेलीस तेवढ्यात मी घाईघाईने बाह्या कापल्या. साचा उलटा करायला विसरले. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या. शिवतानाही लक्षात आलं नाही, अस्तरसुद्धा घालून मोकळी झाले.

बँडमास्तर अंगावर घालून बघायला आले. दुकान भरलेलं. डावा हात बाहीत घातला तर बाही अशी पिळली की कोपर पोटाकडे. लोक हसले. बाबांनी विचारलं, 'कोणी कापलं?'

मी म्हटलं, 'हिने. डाव्या हाताचं काम, उलटंच होणार.'

तू माझ्याकडे बघितलंस. बाबांनी कोट तुझ्याच हातात दिला, बाही उसव म्हणून, आणि सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून टेबल थोरलीचं, धाकटी बटणं लावेल. तू कोपऱ्यात बसून उसवत राहिलीस. मान वर केली नाहीस. मला वाटलं, शरमेने. कच्च्या टाक्यांना माझा दोरा पिवळा आणि तुझा लाल, बाबांनीच वाटून दिले होते, काम कोणाचं ते कळावं म्हणून. पण अस्तराच्या आत कोण बघतं? बाबांना तर जवळचं दिसत नव्हतं. आठ दिवसांनी तू गेलीस. सगळं ठेवून गेलीस, फक्त तुझी कात्री नेलीस.

बाबा गेले तेव्हा तू आली होतीस. बेल वाजवलीस. मी घरात होते. दाराच्या आत उभी होते, दोन्ही हात धड होते, आणि मी दार उघडलं नाही. लोकांना सांगितलं, ती आलीच नाही.

हे कात्रीसाठी लिहिलेलं नाही. तसं वाटत असेल तर पत्र फाडून टाक आणि कात्री तर मुळीच पाठवू नकोस. तीस तारखेला मी लेकीसमोर दातांनी पिशवी फोडेन, सांडलं तर सांडलं, हरले तर हरले. पण कोणी आधी फोडून ठेवलेलं दूध मी तापवणार नाही.

मी चुकले. त्या दिवशी आणि त्यानंतर रोज.

ताई


३० एप्रिल, दुपार

धाकटे,

लेक आत्ताच गेली. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

सकाळी नऊला ती आली. खुर्ची टाकली, यादी मांडीवर घेतली आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली, चुकून मदत होईल म्हणून. तिचं तोंड माझ्याहून घाबरलेलं. अंघोळ झाली. कपडे झाले, चर्र चर्र आवाज ऐकून ती दचकली, मग हसली. जिना उतरले आणि चढले, कुलूप लावलं आणि काढलं. बटाटे खिळ्यांवर बसवून सोलले, शिजवले, मीठ बरणीतून काढलं. कमरेने ड्रॉवर ढकलताना ती म्हणाली, 'आई, हे तू कधी शिकलीस?' म्हटलं, 'मध्ये बोलायचं नाही.'

मग दूध. पिशवी हातात घेतली, पातेल्यावर धरली, दात लावणार तेवढ्यात बेल वाजली.

लेक उठायला लागली. म्हटलं, 'बस. दार मी उघडते.' पोस्टमन होता. हातात पार्सल. तुझं अक्षर लांबूनच ओळखलं मी, उजवीकडे कललेलं.

लेकीने बघितलं, सगळीकडून दोरीने आवळलेलं. म्हणाली, 'हे राहू दे, मी नंतर सोडून देते. एका हाताने कसं सुटणार?' मी टेबलावर ठेवलं. आणि बघते तर दोरीचं एक टोक लांब सोडलेलं, त्याला मोठी कडी केलेली, बोट जाईल एवढी. मी बोट घातलं आणि ओढलं. एका ओढीत अख्खी दोरी सुटली. एकही गाठ नव्हती गं. तू ते पार्सल एका हाताच्या माणसासाठी बांधलं होतंस. मी तिथेच खाली बसले. लेक 'आई, आई' करत धावली, मी तिला हातानेच थांबवलं.

आत तुझी कात्री. पात्यांना तेल लावलेलं. सोबत कागद, 'मनगट सैल ठेव. आधी कागदावर चालव.' बस्स. तुझी सवय काही जाणार नाही.

कागदावर चालवली. मग पिशवी पातेल्यात उभी केली, तिचं टोक पात्यांमध्ये घेतलं आणि कापलं. एका झटक्यात, सरळ. सगळं दूध पातेल्यात, ओट्यावर एक थेंब नाही, आणि तापवलंही. गोळ्यांचं पाकीट चार तुकड्यांत कापलं, गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली. लेकीने यादी हातात घेतली. मला वाटलं फाडेल. तिने घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. म्हणाली, 'रविवारी येत जाईन. जेवायला. वाढायचं तूच.'

ती गेल्यावर मी ते कापड उलगडलं, ज्यात तू कात्री गुंडाळली होतीस. आधी नुसतं लाल काहीतरी दिसलं होतं. मखमल आहे. बाही आहे. त्या कोटाची, तू उसवलेली. आतून उलटी करून बघितली. खांद्याच्या खुणेपाशी एक कच्चा टाका अजून आहे. पिवळा.

म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं. तू कोपऱ्यात मान खाली घालून बसलीस, हातात एवढा पुरावा, बाबा चार हातांवर, नुसती बाही वर धरली असतीस तरी माझं टेबल गेलं असतं, दुकान गेलं असतं. आणि तू घडी घालून पिशवीत टाकलीस. का, ते मी पत्रात विचारणार नाही. ते समोर बसून विचारायचं आहे, आणि तू शिव्या दिल्यास तर त्या समोर बसून खायच्या आहेत.

तेव्हा ये. कात्री परत न्यायला ये, हवं तर. मी ठेवून घेणार नाही, मला माझी अशी एक करवून दे, तुझ्या ओळखीचा कोणी असेलच.

एक फक्त लक्षात ठेव. बेल वाजवलीस की लगेच फिरू नकोस. मला उठायला, काठी घ्यायला, साखळी काढायला आता वेळ लागतो. दोन मिनिटं तरी. मागच्या वेळी तू त्याहून जास्त थांबली होतीस. मला माहीत आहे, मी आतून दाराला कान लावून उभी होते.

ताई